दहातलं एक लाल

चाक बोलतं ते असं

लष्कराच्या गाडीचं चाक यार्डात येतं ते एखाद्या आजारी म्हाताऱ्यासारखं. सोबत चार जण, आणि नेमकं काय झालंय ते चौघांपैकी कुणालाच माहीत नाही. एक म्हणतो खड्ड्यात गेलं, दुसरा म्हणतो आधीपासूनच असं होतं, तिसरा सही कुठे करायची ते विचारतो. चौथा चहाला गेलेला असतो.

मग टायर उतरवतात आणि उघडी रिम साखळीच्या आकड्याला टांगतात. ती जमिनीपासून वीतभर वर लटकली, झुलायची थांबली, की टणटण पुढे होतो.

टणटण हे त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव आता पगारपत्रक आणि बायको सोडली तर कुणी वापरत नाही. बायकोही रागावली तरच. हातात एक छोटी हातोडी, दांडा तळहाताच्या घामानं काळा पडलेला. रिमला एक टोला. चांगली रिम ‘टण्ण’ म्हणते आणि म्हणतच राहते, निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी. तडा गेलेली रिम ‘थड्’ म्हणते आणि तोंड मिटते. तडा केसाएवढा असो, नटांच्या भोकामागे लपलेला असो, आवाज चहाडी करतो.

खडू दोन. हिरवा म्हणजे दुरुस्त होईल. लाल म्हणजे मोडीत. लाल झालेल्या रिमचे गॅसकटरनं दोन तुकडे करायचे, म्हणजे ती पुन्हा कुठल्या गाडीखाली जाऊन बसायला नको.

काम सोपं होतं. अवघड होता तो नियम.

नियम

लाल दहात एक. जास्त नाही.

फार वर्षांपूर्वी वरच्या कचेरीत कुणीतरी अंदाज काढला होता की साधारण दहात एक चाक मोडीत निघतं. त्याच्या जागी जो आला त्यानं तो अंदाज वाचला आणि त्याला तो हुकूम वाटला. तेव्हापासून सगळ्या चाकांनी दहात एक या प्रमाणातच मोडावं अशी अपेक्षा आहे. हे चाकांना अजून कुणी कळवलेलं नाही.

महिन्याच्या सुरुवातीला टणटण प्रामाणिक असायचा. ‘थड्’ आलं की लाल. त्यामुळे महिना मध्यावर आला की लाल संपायचा. खडू खोक्यात असायचा, लाल संपलेला असायचा. मग ‘थड्’ म्हणणाऱ्या रिमवरही हिरवा गोल काढावा लागे. दुसरा कुणी असता तर सुरुवातीपासून हात राखून वागला असता. टणटणला ते जमलं नाही. त्यामुळे यार्डातली सगळ्यात वाईट चाकं यार्डातल्या सगळ्यात सरळ माणसानं पास केलेली होती.

पण सरळ माणसालाही झोप लागावी लागते. त्यानं एक सोय काढली. नाइलाजानं काढलेल्या हिरव्या गोलात तो खडूचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे: ही माझ्या लेखी लाल.

ठिपक्याचा अर्थ त्याला आणि रंगाऱ्याला ठाऊक होता, बास. हिरवी चाकं दुरुस्तीला जायची. दुरुस्ती विभागात पूर्वी एक वेल्डर होता, तो निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. रंगाऱ्याची भरली. म्हणून दुरुस्ती म्हणजे रंग. रंगारी चांगली चाकं रंगवून शेडच्या पुढच्या बाजूला रचायचा आणि ठिपक्याची चाकं रंगवून पार मागे, भिंतीला लावून. रंगाखाली ठिपका जायचा, जागा तेवढी राहायची. मागणी आली की माल पुढून उचलला जायचा. मागच्या रांगेला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. कागदोपत्री ती चाकं सज्ज होती. प्रत्यक्षात त्यांच्यावर मांजर व्यायचं.

‘आपण दोघं मेलो तरी ही रांग इथंच राहील,’ रंगारी म्हणायचा.

‘तू आधी मर,’ टणटण म्हणायचा. ‘मला अजून पेन्शन खायचीय.’

नवे साहेब, त्यांच्या फळ्यावरच्या शब्दांत

‘आजपासून जो माल आधी तयार झाला तो आधी जाईल. मागे ठेवलेला जुना साठा प्रथम संपवावा. साठा पडून राहणे हे नुकसान आहे. सहकार्याबद्दल आभार.’

साहेबांना नावं ठेवायला जागा नव्हती. वेळेवर येत, कुणाला अरे-तुरे करत नसत, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवत. यार्डात पहिल्याच फेरीत त्यांना मागच्या रांगेवरची धूळ दिसली. यापूर्वीच्या कुठल्याच साहेबाला ती दिसली नव्हती, कारण कुणी तिथवर चालत गेलंच नव्हतं.

टणटण त्या आठवड्यात रजेवर होता. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

फोन, पहिला

मोबाइल स्पीकरवर ठेवलेला. बायको काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, रडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. फोनवर लेक. घरात तिला बारकी म्हणतात. बारकी दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच आहे आणि सैन्यात दहाचाकी ट्रक चालवते.

‘आई, डोळा कसा आहे?’

‘आहे जागेवर. तू जेवलीस का?’

‘जेवले. बाबा आहेत का तिथे? बाबा, एक गंमत. तुमच्या यार्डातली चाकं आलीत आमच्याकडे! आमच्या अख्ख्या ताफ्याला. काय चकाचक रंग आहे हो! मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बाबांनी पास केलेली आहेत, डोळे मिटून चालवा.’

टणटण बशीत चहा ओतत होता. तो ओततच राहिला.

‘अहो, सांडतोय,’ एका डोळ्याची बायको म्हणाली.

‘कुठली चाकं? पुढची की मागची?’

‘पुढची, मागची, सगळीच बदलली.’

‘तसं नाही गं. रांग... बरं, जाऊ दे. निघणार कधी?’

‘परवा सकाळी. घाटातून जायचंय, उतारच उतार. मजा येणार आहे.’

फोन ठेवून त्यानं रंगाऱ्याला लावला.

‘मी सांगणारच होतो,’ रंगारी हॅलोच्याही आधी म्हणाला.

‘कधी?’

‘तू रजेवरून आलास की.’

‘मागची किती गेली?’

‘भिंत दिसायला लागलीय.’ रंगारी पुढे म्हणाला, ‘साहेब म्हणाले, तिलाही रंग द्या.’

साहेबांच्या खोलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी

‘बसा. ऑपरेशन नीट झालं?’

‘झालं. साहेब, जुन्या साठ्यातली चाकं परत मागवा. फुटकी आहेत.’

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. ‘फुटकी म्हणजे? सगळ्यांवर हिरवा शेरा आहे. तुमचाच.’

‘हिरवा होता, पण आत ठिपका होता.’

‘ठिपका म्हणजे काय?’

‘म्हणजे लाल.’

‘मग लाल का नाही केलं?’

‘लाल संपला होता.’

‘खडू?’

‘नाही साहेब. दहात एक.’

साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. रागावले असते तर टणटणला बरं वाटलं असतं. त्यांनी उलट कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि मनापासून शोधायला लागले. पान उलटताना बोट जिभेला लावत नव्हते, एवढे नीटनेटके.

‘हे बघा,’ शेवटी म्हणाले. ‘परत येतं ते खराब झालेलं चाक. चांगलं चाक परत मागवायची तरतूदच नाही.’

‘पण ती खराबच आहेत!’

‘तुम्ही म्हणता म्हणून. आणि चांगली आहेत तीसुद्धा तुम्हीच म्हटलंय म्हणून.’ हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. ‘मी आजच वर लिहितो. उत्तर यायला महिना जाईल.’

‘ताफा उद्या निघतोय. माझी पोर आहे त्यात.’

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं. ‘एक आहे. खेपेतलं एक चाक जरी वापरात मोडलं, तरी सगळी खेप आपोआप परत येते, त्याच दिवशी, कुणाला काही न विचारता. पण मोडायला हवं.’

‘घाटात मोडेलच,’ टणटण म्हणाला.

फोन, दुसरा (नुसते आवाज)

‘बाबा, मी गाडीजवळ आहे. पाना घेतलाय. मारू?’

‘नटांच्या जवळ मार.’

थप.

‘पुढचं.’

थप.

‘अजून एक.’

थप.

‘बाबा, सगळी सारखीच वाजतायत.’

‘टायर चढवलंय ना, चाकाच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं झालंय. नाही बोलणार ते. टायर उतरवता येईल?’

‘उद्या निघायचंय आणि आज चाकं सोडू? मला वेड्यात काढतील.’

‘बरं, स्क्रूड्रायव्हर घे. भोकांच्या कडेला रंग खरवड.’

खर्र खर्र.

‘काही दिसतंय?’

‘थांबा हो. रंग काय थापलाय! भिंतीला देतात का इतका?’

‘भिंतीलाही देतात. खरवड तू.’

खर्र. खर्र. मग काहीच नाही.

‘बारके?’

‘आहे.’

‘काय आहे?’

‘रेघ आहे, बाबा. भोकापासून बाहेर. नख जातंय.’

‘दुसरं बघ.’

‘दुसऱ्यालाही आहे. बाबा, तुम्हाला माहीत होतं?’

‘ती चाकं जायचीच नव्हती गं. मागे ठेवली होती.’

‘मग हिरवी का केलीत?’

‘तुझ्या साहेबांना दाखव.’

‘दाखवते ना. ते म्हणतील, पास झालेलं चाक आहे, रंगावरचा ओरखडा आहे. आणि कुणी पास केलंय विचारलं तर मी काय सांगू? काल सगळ्यांना मीच सांगितलंय.’

‘मी आमच्या साहेबांकडे जाऊन आलो. ते म्हणतात, एखादं चाक मोडलं तरच सगळी खेप परत येते. मोडल्याशिवाय नाही. असले नियम! डोकं फिरायची वेळ आली माझी.’

‘काय म्हणालात? एक मोडलं तर सगळी?’

‘हो, त्याच दिवशी. पण...’

‘कुणाचंही एक?’

‘खेपेतलं कुठलंही. का?’

‘काही नाही. आईला म्हणावं, थेंब वेळेवर घाल. ठेवते.’

काय झालं: तिच्या वरिष्ठांच्या भाषेत

‘ताफा निघतेवेळी आघाडीचे वाहन चालकाच्या निष्काळजीपणामुळे फाटकाच्या दगडी कठड्यास धडकले. डावीकडील पुढचे चाक निकामी झाले. वाहन फाटकात आडवे अडकल्याने मागील एकही वाहन बाहेर पडू शकले नाही. जीवितहानी नाही.’

काय झालं: फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या भाषेत

‘मी सांगतो ना. बाई गाडीतून उतरल्या, कठडा बघितला, पायानं ठोकून बघितला. परत चढल्या, काच खाली केली आणि मला म्हणाल्या, दादा, जरा बाजूला व्हा. मी झालो. चालत्या माणसापेक्षा हळू गेली हो गाडी. नुसती टेकली कठड्याला. आणि चाक असं उघडलं, जसा वाळका भोपळा. त्याही जरा दचकल्या. मला वाटतं, एवढं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.’

पहारेकऱ्याला कुणी विचारलं नाही. हे त्यानं आपल्या आपणच सगळ्यांना सांगितलं.

खेप परत

सगळी चाकं आली, नियमाप्रमाणे, त्याच दिवशी. मोडलेलं चाक सगळ्यात वर, आणि सोबत विचारणा: नुकसानीचं कारण तपासनीसानं नमूद करावं. चालकाची चूक, की जुना दोष. यातलं एकच.

चालकाची चूक ठरली तर बारकीच्या हातून स्टिअरिंग जाणार होतं, कायमचं. मग भांडारात पोती मोजायची आणि ब्लँकेटांच्या घड्या घालायच्या. ही पोर लहानपणी पाळण्यात झोपायची नाही, चालत्या गाडीत झोपायची. चालायला लागायच्या आधी हॉर्नचा आवाज काढायला लागली होती.

जुना दोष ठरला तर प्रश्न एकच उरत होता, की मग हे चाक पास कुणी केलं. त्याचं उत्तर शोधायला चौकशी समितीचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बारकीचा फोन येऊन गेला होता. ‘बाबा, माझंच लिहा हं. मी मुद्दाम घातलीय गाडी, म्हणजे खोटंही होत नाही. तुमची नोकरी थोडकी राहिलीय. मी काय, बसेन भांडारात. सावलीत काम आहे.’

‘तुला सावलीत झोप येते,’ तो म्हणाला.

‘मग झोपेन.’

बायकोनं सगळं ऐकलं होतं. तिनं चष्मा काढला, डोळ्यात थेंब घालून घ्यायला मान वर केली आणि छताकडे बघत म्हणाली, ‘पोरगी भिंतीला गाडी लावते, आणि तुम्ही अजून विचार करताय?’

‘मी कुठे विचार करतोय?’

‘थेंब कानात घालताय.’

यार्डात मोडकी रिम आकड्याला टांगली. हातोडीची गरजच नव्हती. फुटलेल्या तोंडावर दोन रंग होते: नुकतंच फाटलेलं लोखंड चमचमत होतं, तेवढं बोटभर, बाकी सगळा भाग तपकिरी, आत मुरलेला गंज. वर्षं लागतात असा गंज चढायला. रंगारी पाहून गेला आणि आपल्या डब्यात उगाच काडी ढवळत बसला.

साहेब स्वतः आले होते. त्यांनी रिम नीट पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

‘हे एक लाल करा,’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘बाकीच्यांचं पुढच्या महिन्यात बघू. या महिन्याचा लाल आधीच संपलाय. तुम्ही रजेवर जायच्या आधीच संपवलात.’

‘आणि बाकीची?’

‘तूर्त हिरवीच राहू देत. रंग आहे, कागद आहे. मागे ठेवू. भिंतीला लावून. मी वर लिहिलंय.’ साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. ‘मला ती रांग दिसली होती हो. तुमचा ठिपका दिसला नाही.’

म्हणजे आता मागच्या रांगेला साहेबांचीही परवानगी होती. पुढचे साहेब येईपर्यंत.

टणटणनं मोडक्या रिमवर लाल गोल काढला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘जुना दोष’. मग दुसरी रिम टांगायला सांगितली.

थड्. लाल.

‘अहो,’ साहेब म्हणाले.

तिसरी. थड्. लाल.

‘अहो, तुम्ही नियम मोडताय.’

‘हो साहेब. तो मोडल्याशिवाय परत येत नाही.’

कुणी हसलं नाही. रंगाऱ्याची काडी थांबली होती. साखळी खाली येत होती, वर जात होती. सगळी खेप एका दमात झाली. प्रत्येक लाल गोलाबरोबर टणटण स्वतःची एकेक जुनी सही खोटी पाडत होता, आणि साहेब शेजारी उभे राहून ते बघत होते. मध्येच त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, बहुतेक सवयीनं. शेवटच्या रिमच्या वेळी खडू एवढासा उरला होता की काढताना बोटं रिमला घासली.

‘गॅसकटर बोलवा,’ टणटण म्हणाला. ‘आत्ताच. माझ्यासमोर कापा.’

कापायला दुपार गेली. मग साहेबांनी त्याच्याकडून हातोडी मागून घेतली आणि रीतसर पोच दिली.

नंतर

टणटण घरी आहे, चौकशी होईपर्यंत. चौकशी कधी होणार याची चौकशी तो करत नाही. बायकोच्या डोळ्यात थेंब घालतो, आता डोळ्यातच. रंगारी येऊन जाऊन सांगतो की नवा तपासनीस चांगला आहे, तरुण आहे, कुणाशी भांडत नाही, महिन्याच्या पहिल्या दिवसापासून दहात बरोबर एक लाल काढतो. त्याच्या हिरव्या गोलात ठिपका नसतो. त्यामुळे रंगाऱ्याचं काम सोपं झालंय; सगळी चाकं आता एकाच रांगेत.

‘तू का नाही बोललास?’ टणटणनं त्याला विचारलं.

‘मी रंगारी आहे,’ रंगारी म्हणाला. चहा मात्र त्यानं अर्धा ठेवला.

बारकीवरचा ठपका निघाला. जुना दोष म्हटल्यावर चालक निर्दोष. उलट वेळीच गाडी थांबवल्याबद्दल तिच्या नावे शाबासकीचं पत्र निघालं. पहारेकऱ्यानं ते वाचलं आणि तीन दिवस कुणाशी बोलला नाही.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. मागे इंजिनाची घरघर.

‘बाबा, ऐकू येतंय? गाडीत बसलेय.’

‘निघालीस? कुठे?’

‘कुठे निघणार? तुम्ही सगळी चाकं कापून टाकलीत. नवी यायला वर्ष लागेल म्हणतात. अख्खा ताफा लाकडी ठोकळ्यांवर उभा आहे.’

‘मग इंजिन कशाला चालू?’

‘बॅटरी उतरू नये म्हणून. रोज थोडा वेळ चालू ठेवायचं, असा हुकूम आहे.’

‘आणि तू काय करतेस तेवढा वेळ?’

‘बसते. गिअर टाकते.’ मागे गिअरचा खट्ट आवाज झाला. ‘परवा तर आरशात बघून इंडिकेटरही दिला. समोर भिंत आहे बाबा, पण हात गप्प बसत नाहीत.’

‘रागावलीयेस?’

‘खूप.’

‘बरं.’

‘अजून बराच वेळ रागावणार आहे. तुम्ही फोन ठेवू नका.’

त्यानं ठेवला नाही. बायकोनं पलंगावरून विचारलं, पोरगी कुठे पोचली म्हणून. त्यानं फोनवर हात धरला आणि सांगितलं, ‘आहे तिथेच आहे.’

‘हो ना?’ बायको म्हणाली, आणि खूप दिवसांनी तिनं निवांतपणे उशी नीट करून डोकं टेकलं.

पलीकडे बारकीनं हॉर्न दिला.